मामाच्या पेटीतलं १९६७ : सहा रेकॉर्डी उतरवून घेतल्याच्या नोंदी

८ जून २०२४
मामाने डोंबिवलीचं घर आवरायला काढलं आणि रेकॉर्डींची पेटी माझ्याकडे पुण्याला आली. मामा ८० वर्षांचा आहे. जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. पगाराचे पैसे घरी पाठवून जे उरायचे त्याच्या तो रेकॉर्डी घ्यायचा. पेटीत ४३ लाँग प्ले आहेत, पंधरा-वीस ईपी (दोन-चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डी) आहेत आणि तळाशी आजीच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. वरच्या थरावर बुरशी, एका कव्हरात झुरळाची अंडी.

सगळ्या संगणकावर उतरवायच्या ठरवल्या तर काम कधीच संपणार नाही हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत आहे. याआधी फोटो अल्बम स्कॅन करायला घेतला होता, तो अजून १९८१ वर अडकलाय. म्हणून एकच वर्ष धरायचं: १९६७. कारण पेटीत आवडीच्या सगळ्यात जास्त रेकॉर्डी त्याच वर्षाच्या निघाल्या. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, रविशंकर आणि व्हायोलिनवादक मेन्युहिनचं ‘वेस्ट मीट्स ईस्ट’, बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’, हेंड्रिक्सचं ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’, द डोअर्सचा पहिला अल्बम आणि ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ बाजूला ठेवताना जीव तुटला, पण ती १९६८ ची.

मराठी काहीच कसं नाही, असं बायकोने विचारलं. मराठी भावगीतं तेव्हा प्रामुख्याने ७८ वर आणि ४५ च्या ईपीवर यायची. म्हणजे ती आहेत, पण लाँग प्ले म्हणून नाहीत.

१२ जून
जुना बेल्टवाला टर्नटेबल घेतला, ११,००० रुपये. विकणारा म्हणाला, “सुई नवीनच आहे.” मोबाइलच्या भिंगातून पाहिलं तर टोक एका बाजूने घासून सपाट झालेलं. नवी सुई २,८००. जुन्या सुईने एकही रेकॉर्ड लावू नका, अगदी “एकदा वाजवून तर बघू” म्हणूनही नाही. घासलेलं टोक खाचा खरवडतं, आणि ते परत भरून येत नाही.

पहिल्या दिवशी वायर सरळ लॅपटॉपला जोडली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, तबल्याचा बाया गायब. मध्ये फोनो प्रीअँप लागतो, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवून त्यातला खर्ज परत भरणारी डबी. हे बावीस वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, मला नव्हतं. प्रीअँप ३,२००, इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) ७,५००.

१५ जून
घूं घूं. रेकॉर्ड लावा, काढा, घूं घूं आहेच. वायर बदलली, प्लग बदलला, टर्नटेबल फ्रिजपासून लांब नेला. शेवटी दोन कारणं सापडली. टर्नटेबलच्या मागून येणारी बारीक हिरवी अर्थची वायर मी “उरलेली” समजून टेपने चिकटवून टाकली होती. ती प्रीअँपच्या स्क्रूला लावली. राहिलेली घूं घूं लॅपटॉपचा चार्जर उपसल्यावर गेली. तेव्हापासून रेकॉर्डिंग फक्त बॅटरीवर. चार तास वाया.

१८ जून
या नोंदीसाठी मला शिव्या घाला.

धुण्याचं मिश्रण केलं: एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार भाग डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, उभं करून वाळवायचं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची बुरशी अशी गेली की मी खूश झालो. त्या खुशीत आजीच्या ७८ मधली एक अभंगाची तबकडी घेतली आणि तिलाही तेच पाणी लावलं.

अर्ध्या मिनिटात चकाकी गेली. कापडावर काळसर तपकिरी डाग आला. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. आणि सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. आमच्या दाराचं पॉलिश माझ्यासमोर झालंय, बाटली हलवून द्यायला मीच बसलो होतो. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

तबकडी वाजते, पण आता पावसात वाजल्यासारखी. मामाला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “बाकीच्यांना हात लावू नकोस.” लावला नाही. अल्कोहोल फक्त व्हिनाइलला. १९६७ मध्येही आपल्याकडे ७८ च्या निघत होत्या, तेव्हा सालावरून ओळखायला जाऊ नका, वजनावरून ओळखा. हाताला जड आणि ठिसूळ लागली की कोरडा ब्रश.

२३ जून
वेग तपासणे. रेघांची कागदी चकती छापून घेतली. ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या, म्हणजे लाँग प्लेच्या वेगासाठी १८० रेघा. दिव्याखाली चकती फिरवली की रेघा जागच्या जागी उभ्या दिसायला हव्यात. मला नुसता करडा धूर दिसत होता. घरातले सगळे दिवे एलईडी, आणि आमच्या दिव्यांची उघडझाप या कामाला पुरेशी होत नाही.

बिल्डिंगच्या जिन्यात अजून एक जुनी चोकवाली ट्यूब आहे. रात्री अकरा वाजता एक्स्टेंशन बोर्ड ओढून टर्नटेबल जिन्यात मांडला. वरच्या मजल्यावरचे काका कुत्रा फिरवून येत होते. “पूजा आहे का?” त्यांनी विचारलं.

ट्यूबखाली रेघा लगेच दिसल्या. मागे सरकत होत्या, मिनिटाला साधारण ७०. म्हणजे वेग सव्वा टक्क्याच्या आसपास कमी. बेल्ट सैल. नवा ४५० रुपयांना मिळाला. तो घातल्यावर मिनिटाला चार-पाच रेघा. एवढं चालतं.

२९ जून ते ४ जुलै
‘सार्जंट पेपर’. या सहा दिवसांचं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि चूक टर्नटेबलची नव्हतीच.

पहिली बाजू उतरवली. सहज ताडून बघावं म्हणून इंटरनेटवरच्या त्याच गाण्यांबरोबर लावली. ‘शीज लीव्हिंग होम’ जुळेना. मुलीची बाजाची पेटी काढली. इंटरनेटवरचं पांढरी तीन, आमच्या रेकॉर्डवरचं पांढरी चार. अख्खा अर्धा सूर वर. म्हणजे जवळजवळ सहा टक्के वेग जास्त. आणि मी तर आठवड्यापूर्वी रेघा उभ्या करून ठेवल्या होत्या!

पुन्हा जिना. रेघा जागेवर. बेल्ट काढला, पुन्हा घातला, मोटरच्या पुलीवर धूळ आहे का पाहिलं. दुसरा बेल्ट मागवायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्याच बाजूचं ‘लूसी इन द स्काय’ ताडून पाहिलं, तर ते चक्क खाली. एकाच बाजूवर एक गाणं वर आणि एक खाली? कुठल्याही टर्नटेबलला हे जमणार नाही.

कव्हर पुन्हा नीट वाचलं. मामाची प्रत मोनो, म्हणजे एकाच स्पीकरसाठीची. इंटरनेटवर मी ऐकत होतो ती स्टिरिओ, दोन स्पीकरची. त्या काळी मोनो आणि स्टिरिओ मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, वेगवेगळं बसून करायचे. बीटल्स स्वतः बसले ते मोनोच्या मिक्सला. स्टिरिओ नंतर त्यांच्याशिवाय, झटपट उरकला. ते करताना टेपचा वेगही वेगळा ठेवला गेला. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये वरच्या सुरात आहे, ‘लूसी’ खालच्या. माझा टर्नटेबल बरोबरच होता.

मामाला विचारलं, मोनो का घेतलीस? “टिलबरीच्या, लंडनच्या बंदरातल्या दुकानदाराने विचारलं, स्टिरिओ की मोनो. माझ्या केबिनमध्ये एकाच स्पीकरचा प्लेअर. जास्त कशाला घेऊ?” त्या काळात बहुतेकांनी असाच विचार केला असणार.

तर नोंद अशी: १९६७ च्या रेकॉर्डची तुलना करायची असेल तर आधी मोनो-स्टिरिओ बघा, मग बेल्टला हात घाला. आणि मोनो रेकॉर्ड दोन्ही चॅनलवर उतरवून घेऊन मग दोन्हींची बेरीज करून एक करा. खरखर बरीच कमी होते, कारण ती दोन बाजूंना सारखी नसते.

दुसऱ्या बाजूला आणखी एक घोळ. बाजू संपत आली म्हणून चहा ठेवायला गेलो. परत आलो तर स्पीकरमधून कोणीतरी दोन सेकंदांचं तेच तेच बडबडतंय. मला वाटलं सुई अडकली. नाही. या ब्रिटिश प्रतींच्या शेवटच्या बंद खाचेत मुद्दाम बडबड भरून ठेवलेली आहे, आपोआप न थांबणाऱ्या प्लेअरवर ती चालूच राहते. माझ्या फाइलमध्ये ती सव्वीस मिनिटं आहे. त्याच्याआधी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (कुठल्या क्षणी किती उंच आवाज आहे ते दाखवणारं चित्र) १५ किलोहर्ट्झच्या आसपास एक सरळ उजळ रेघ दिसली. मी ती इंटरफेसचा दोष समजून फिल्टरने खोडायला घेतली होती. मुलगी कानावर हात ठेवून खोलीत आली, “बाबा, काय किंचाळतंय?” मला ठार काही ऐकू येत नव्हतं. कुत्र्यांना ऐकू जावी म्हणून घातलेली ती शिट्टी. मी ४९ चा, मुलगी १५ ची. हा निकाल मी मनाला लावून घेतलेला नाही.

(पहिली पसंती म्हणून विचाराल तर ‘सार्जंट पेपर’ माझ्या यादीत चौथा. पण काम करताना सगळ्यात मजा यानेच आणली.)

९ जुलै
लाइट गेली. ‘वेस्ट मीट्स ईस्ट’च्या मधोमध. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून रेकॉर्डिंग चालू राहिलं आणि टर्नटेबल मात्र हळूहळू थांबला. पूरिया कल्याणमधली सतार दोन सेकंदांत मंद्रात जाऊन पोचली. फाइल ठेवली आहे, पाहुण्यांना ऐकवायला.

११ जुलै
‘वेस्ट मीट्स ईस्ट’ पुन्हा. मोटरची गुरगुर कापायला ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर लावला होता. गुरगुर गेली, पण अल्लारखांचा बायाही अर्धा गेला. घुमारा नाही, नुसती थाप. २५ वर आणल्यावर बाया परत आला आणि गुरगुरही जवळजवळ नाही. फिल्टर लावण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवलेली होती म्हणून निभावलं.

रेकॉर्डबद्दल प्रामाणिक मत: मेन्युहिन तिलंगच्या वळणांवर जरा जपून पावलं टाकतो, पाहुण्याने चप्पल कुठे काढायची ते बघावं तसा. पूरिया कल्याण मात्र अस्सल. दुसऱ्या बाजूला रुमानियन संगीतकार एनेस्कूचा व्हायोलिन सोनाटा, मेन्युहिनची बहीण हेफझिबा पियानोवर. तिथे तो स्वतःच्या घरात असतो. ती बाजू मी आजवर कधी लावलीच नव्हती.

१७ जुलै
डोअर्स. रेकॉर्डवर चिकट थर, कोणीतरी कधीतरी त्यावर काहीतरी सांडलेलं. धुऊन जाईना. एका व्हिडिओत पाहिलं की सुताराचा पांढरा गोंद रेकॉर्डवर पसरायचा, वाळला की साय निघावी तसा सोलायचा, घाण त्याच्याबरोबर येते. पसरला. पुण्यातला जुलै. दोन दिवस झाले तरी मधला भाग दुधाळ, ओला. धीर सुटला आणि सोलायला गेलो तर चिंध्या निघाल्या, खाचांत तुकडे राहिले. नशिबाने पुरता वाळलेला नव्हता. लेबलला प्लास्टिकचं झाकण दाबून धरून कोमट डिस्टिल्ड पाण्यात तासभर भिजवला, मग ब्रशने निघाला. हाच प्रयोग उन्हाळ्यात जमला असता.

वाजवल्यावर पुन्हा वेगाचा संशय आला, पण आता मी शहाणा होतो, जिन्यात गेलो नाही. ‘लाइट माय फायर’ रेकॉर्डवर मुळातच साडेतीन टक्क्यांच्या आसपास संथ आहे. छापील नोटेशन आणि टीव्हीवरचे कार्यक्रम यांच्याशी ते जुळत नाही, हे ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने दाखवून दिलं, आणि २००७ च्या आवृत्तीत वेग दुरुस्त केला. चाळीस वर्षं अल्बमवर लोकांनी ते संथच ऐकलं. मी फाइल संथच ठेवली. मामाने ऐकलं ते हेच.

२१ जुलै
हेंड्रिक्स उतरवला. अकरा गाणी, इंटरनेटवरून अकरा नावं उचलून ओळीने चिकटवली, तपासलं नाही. रात्री मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचं ‘पर्पल हेझ’ म्हणजे ‘फॉक्सी लेडी’ आहे.” ती गिटार शिकते. मे १९६७ च्या ब्रिटिश आवृत्तीत ‘पर्पल हेझ’ नाहीच. ऑगस्टच्या अमेरिकन आवृत्तीत गाणी बदलली, पण संख्या तीच, अकरा. बारा असती तर मला तेव्हाच कळलं असतं. नावं रेकॉर्डच्या लेबलवरूनच घ्या.

दुसरी बाजू किंचित वाकलेली आहे, सुई लाटेवर जाते. दोन काचांमध्ये ठेवलीय, वर जाड पुस्तकं. उन्हात ठेवू नका.

२८ जुलै
कोहेन. तारखेचा वाद घरातच झाला: अल्बम आला २७ डिसेंबर १९६७ ला. वर्षाचे चार दिवस उरलेले. मुलीच्या मते हा १९६८ चा धरायला हवा. मी धरला नाही, कारण प्रकल्प माझा आहे. हा कोहेन पुढे १९९९ मध्ये मुंबईला आला, अद्वैत शिकवणाऱ्या रमेश बाळसेकरांच्या सकाळच्या बैठकींना जाऊन बसायचा. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग भेटवायचं नाहीस का!” जसा काही मी पत्ता दाबून ठेवला होता.

रेकॉर्ड स्वच्छ. एका दिवसात काम झालं. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हेच चांगलं.

३ ते १० ऑगस्ट
‘कॉल ऑफ द व्हॅली’ मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. करून घेतला एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे तेच. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत.

हा मामाने इतका वाजवलाय की खरखर संगीताइतकीच. तेव्हा मी जे करू नये तेच केलं. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतून खरखरीचा नमुना घेतला आणि नॉइज रिडक्शन १८ डेसिबलवर लावलं. खरखर पूर्ण साफ! तीन दिवस मी त्यावर खूश होतो. मग रात्री हेडफोनवर अहीर भैरव ऐकला. संतूरवर आघात झाला की मागे तारेची आस रेंगाळते ना, ती कापली गेली होती. प्रत्येक सुराच्या मागे पाण्याखालचे बुडबुडे. संतूरमध्ये ती आसच नाही तर राहिलं काय? आपोआप टकटक काढणारं साधन लावून पाहिलं, त्याने कलमांचा (संतूर वाजवायच्या काड्यांचा) आघात आणि तबल्याची चाट दोन्ही बोथट केल्या. यंत्राला त्या टकटकच वाटल्या.

सगळं फेकलं. मूळ फाइलवरून पुन्हा. नॉइज रिडक्शन ४ डेसिबल, फक्त सुरुवातीच्या आणि मधल्या शांत जागी. टकटक हाताने: पडद्यावरची आवाजाची लाट मोठी करायची, टकटकीचा काटा शोधायचा, निवडायचा, मग ऑडॅसिटीचं ‘रिपेअर’. ते साधन एका वेळी १२८ सँपलपुरतंच (सँपल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) चालतं, ९६ किलोहर्ट्झवर एका सेकंदाचा सातशे-साडेसातशेवा भाग. पहिल्या बाजूला मी ३१२ वेळा केलं. पिलूमध्ये बासरी येते तिथे एक मोठा ओरखडा आहे, तो तसाच ठेवला. खोडायला गेलं की बासरीचा श्वास जातो.

दुसऱ्या बाजूचा पहाडी ही माझी वर्षातली पहिली पसंती. सभागृहांच्या मध्यंतरात वाजवून वाजवून या रेकॉर्डची चव घालवलीय लोकांनी, पण एवढ्या जवळून, काटा काटा बघत ऐकल्यावर मला ती परत मिळाली.

१८ ऑगस्ट
खर्च: टर्नटेबल ११,०००, सुई २,८००, बेल्ट ४५०, प्रीअँप ३,२००, इंटरफेस ७,५००, अल्कोहोल आणि पाणी ४७०, ब्रश-कापड-नवी आतली कव्हरं ८६०, गोंद १४०. एकूण २६,४२०. वेळ ९० तासांच्या आसपास, त्यातले तीसेक तास चुकांचे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एक रेकॉर्ड दीड जीबी होते, दोन हार्ड डिस्कवर ठेवा. हेंड्रिक्सची दुसरी बाजू अजून काचेतच.

२५ ऑगस्ट
पेन ड्राइव्ह मामाला दिला. त्याच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओला यूएसबी आहे, पण तो रेडिओ माझ्या मोठ्या फाइली ओळखेना. घरी येऊन सगळ्याचं एमपीथ्री केलं. एवढे ९० तास घालवून शेवटी तो हे कुकरच्या शिट्टीबरोबर ऐकणार.

२७ ऑगस्ट
मामाचा फोन. “अरे, तुझ्या मेंढपाळाचं काय झालंय? रात्र झाल्यावर दुपार कशी येते?”

मराठी नावं त्या रेडिओवर चौकोन चौकोन दिसत होती म्हणून मी ती रोमन अक्षरांत केली, आणि रेडिओने रोमन वर्णमालेप्रमाणे रांग लावली. अहीर भैरव, भूप, देस, पहाडी आणि सगळ्यात शेवटी दुपारचा पिलू. नावांच्या आधी ०१, ०२, ०३ असे आकडे घातले. पिलू दुसऱ्या नंबरला गेला. उद्या पेन ड्राइव्ह घेऊन पुन्हा डोंबिवली.